दीड किलो वारा

छे छे, त्या खुर्चीवर नको साहेब, तिचा एक पाय कायम हवेत असतो — इकडे, या स्टुलावर बसा, इथून काचेतून आतलं नीट दिसेल. आणि जरा मोठ्यानं बोला हं. नाही हो, राग कसला, मला कमी ऐकू येतं — म्हणजे सगळंच नाही, बारीक आवाज तेवढे. या पंपाशेजारी आयुष्य गेलं ना! कानाचा डॉक्टर म्हणाला, बाई, तुमचे वरचे सूर गेले, आता ते परत यायचे नाहीत. म्हटलं, गेले तर गेले! किटलीची शिट्टी ऐकू येत नाही, डासांची गुणगुण ऐकू येत नाही, नणंदबाई फोनवर कुजबुजत कुणाबद्दल काय सांगतात ते ऐकू येत नाही — सुखी आहे मी. तुमचा आवाज छान जाड आहे, तुमचं चालेल. चहा घ्या. दूध नाही, आणि ही पिशवी बुडवून ठेवा जरा, लगेच काढलीत तर नुसतं रंगीत पाणी. हवा ओढून व्हायला वेळ लागणार, तोवर तुम्ही माझ्या तावडीत! इथे मला सगळे पवनचक्की म्हणतात, सांगितलं असेल तुम्हाला कुणीतरी. ते माझ्या कामामुळे म्हणतात असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. तोंडामुळे म्हणतात. आणि तुम्हाला काय म्हणतात, माहितीय? नाही? तराजूसाहेब. लागलं तर नाही ना? अहो, यानावर काय चढणार आणि काय खाली राहणार ते तुम्ही ग्रॅमवर तोलून ठरवणार, मग लोक दुसरं काय म्हणणार!

तर ही आमची टाकी. हसू नका, कागदोपत्री तिला चांगलं हातभर लांब नाव आहे, पण आडवं पडलेलं पिंप आहे ते, टाकीच म्हणायची. आत मंगळ आहे. म्हणजे अजून झाला नाही, होतोय — तो काटा बघा, खाली सरकतोय. आतली आपली हवा काढून टाकायची, सोड्याच्या बाटलीत असतो तो वायू त्या सिलिंडरमधून थोडा थोडा सोडायचा, आणि दाब मंगळाएवढा ठेवायचा. किती असेल तो? इथे शंभर वाट्या हवा असेल तर तिथे एक वाटी, तीही काठोकाठ नाही. मग त्या हवेत वारा कसला आणि त्या वाऱ्यावर टर्बाइन कसलं — हेच विचारणार होतात ना? सगळे हेच विचारतात. बरोबरच आहे, तिथे मोठं वादळ आलं तरी ते अंगाला इथल्या झुळकेएवढंच लागेल. पण झुळूक असली तरी फुकटची आहे ना! हलकी पाती करायची, लांब करायची, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ करायची — ती बघा आत, दारापासून हातभर अंतरावर. पूर्वी मी ते टाकीच्या पार मध्यावर बसवत होते, पण तुमच्यासारखे पाहुणे येतात, काचेला नाक लावतात आणि काहीच दिसत नाही म्हणून परत जातात. मग मीच म्हटलं, मुलगी दाखवायची तर दिव्याखाली बसवावी, कोपऱ्यात कशाला! आणलं पुढे. आणि खरं सांगते, पुढे आणल्यापासून त्याला काय हुरूप आलाय म्हणून सांगू! आधी रुसून बसायचं. वाऱ्यासाठी आत पंखा आहे, तो जोरात लावला तरच जरा हलायचं. आता पंख्याच्या अगदी पहिल्या घराला फिरतं, आणि सिलिंडरचंही तेच — पूर्वी दोन चाचण्यांत सिलिंडर रिकामा, आता तोच किती दिवस पुरतोय. हात आखडता घ्यायला शिकले मी म्हातारपणी.

आता नेमकं हवंय काय मला? दीड किलो. तुमच्या अख्ख्या यानात दीड किलो जागा. फार नाही हो! मी कधीच म्हटलं नाही की सूर्य नको, माझ्या वाऱ्यावरच यान चालवा — तेवढी वारा प्यायलेली नाही मी. पण तिथे धुळीचं वादळ उठलं की दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही. सोलर पॅनेलं धुळीनं माखून बसतात. बॅटरी संपत जाते. आणि यान कशानं मरतं? उपाशी राहून नाही मरत, गारठून मरतं. आत एक छोटासा हीटर असतो, तो विझला की संपलं. मला तो हीटर पेटता ठेवायचाय, बास. धूळ उडते म्हणजे वारा आहेच ना तिथे! जे वादळ उन्हाला खातं त्याच वादळाकडून ऊब काढून घ्यायची. यात वेडेपणाचं काही आहे का, तुम्हीच सांगा. नाही ना? मग तीन मोहिमांमध्ये मला तीनदा नाही का म्हणाले? एकदा म्हणाले हलणारे भाग नकोत. एकदा म्हणाले पुढच्या वेळी बघू. आणि एकदा तर काही म्हणालेच नाहीत, यान उडालं तेव्हा मला कळलं की आपण त्यात नाही. ही चौथी. पुढच्या मोहिमेपर्यंत मी इथे नसेन, घरी कुंड्यांना पाणी घालत बसलेली असेन. म्हणून तर सकाळपासून अशी बडबडतेय. दुपारी तुमची समिती बसणार, तुम्ही मान हलवणार, उभी की आडवी एवढंच बघायचं.

आणि मान आडवी हलली तर दीड किलो कुणाला जाणार, हेही मला ठाऊक आहे. माझ्या नवऱ्याला! अहो, हो, खरंच. पलीकडच्या इमारतीत सोलर पॅनेलं करतात ना, तो त्यांचा मुख्य. सूर्यवंशी म्हणतात त्याला — एक तर पॅनेलं, आणि दुसरं म्हणजे सुट्टीच्या दिवशी ऊन डोक्यावर आल्याशिवाय उठत नाही. कळलं? हसलात! मघापासून पहिल्यांदा हसलात तुम्ही. तर आमच्या घरात ऊन आणि वारा एकाच टेबलावर जेवतात. मुलगी दोघांनाही कंटाळून दातांची डॉक्टर झाली. म्हणते, तुमच्या तोंडी लागण्यापेक्षा लोकांच्या तोंडात बघितलेलं परवडलं. पण आमचा एक नियम आहे साहेब, लग्नाच्या आधीपासूनचा. घरात वाटेल तेवढं खोटं बोलावं — भाजी झकास झालीय, तू अजिबात जाड दिसत नाहीस, तुझ्या बहिणीचा मला मुळीच राग नाही — सगळं चालतं. कामात मात्र नाही. कामात जे दिसलं ते तोंडावर सांगायचं, मग समोरचा रडो की ओरडो. एकदा भर बैठकीत हा उभा राहिला आणि म्हणाला, हिचं पातं मुळाशी तडकणार. माझ्या नवऱ्यानं! सगळ्यांसमोर! मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही, मीठसुद्धा मुलीकरवी मागायची. आणि पातं तडकलं हो. जिथे म्हणाला तिथेच. मीही सोडलं नाही त्याला — त्याच्या पॅनेलची बिजागरी थंडीत अडकणार म्हणून मी सांगितलं, तो लालबुंद झाला, आणि अडकली! असं आमचं. लोक एकमेकांना फुलं देतात, आम्ही एकमेकांच्या चुका काढून देतो. तुम्हाला सांगते, त्याच्यावाचून माझं एकही यंत्र धड झालं नसतं, आणि हे मी त्याला कधी सांगणारही नाही.

पण या वेळी? या वेळी हरला बिचारा! आणि कबूल केलं त्यानं. परवा आला होता, इथेच उभा होता, दाराच्या या कडेला. मी सगळं लावलं, काटा खाली आला, पंख्याचं बटण दाबायला हात पुढे केला — आणि दाबायच्या आधीच हे फिरायला लागलं! अहो, मी टाळ्या वाजवल्या. या वयात, एकटीनं, लहान पोरीसारख्या. पंप ओढत असतो तेव्हा आत थोडी खळबळ होतेच, त्या एवढ्याशा खळबळीवर सुरू झालं, म्हणजे किती हलकं फिरत असेल बघा! मग पंखा लावला, आकडे असे काही आले की काय सांगू. आणि हा? मान अशी तिरकी करून उभा. हात दाराच्या कडेवर. मी म्हटलं, काय रे, बोल की, काढ खोडी! तर म्हणाला, “छान फिरतंय.” दोन शब्द. मग मी घरी गेले, तर यानं माझ्याआधी पोचून भांडी घासून ठेवलेली. मला आवडतो तो रडका सिनेमा लावला आणि झोप न काढता शेवटपर्यंत बघितला. सकाळी मी उठायच्या आत उठला! सूर्यवंशी! मला म्हणाला, तुला तो दीड किलो मिळायला हवा. साहेब, लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस बुद्धिबळात मुलीला कधी जिंकू देत नव्हता, ती सहा वर्षांची होती तेव्हाही. आणि हा म्हणतो तुला मिळायला हवा. म्हटलं, चला, उन्हानं हार मानली, जिंकलो आपण!

बघा, बघा, काटा जवळजवळ पोचला. आता थोडा वायू सोडते. अगदी थोडा लागतो हल्ली, म्हटलं ना. आणि तिकडे बघा — फिरायला लागलं! पंखा अजून बंद आहे हं, बटणाला हात नाही लावलेला मी. उतावळं कार्टं! काय? हो, दर वेळी असंच होतं. नाही, पूर्वी नव्हतं होत. म्हणजे मध्यावर बसवत होते तेव्हा नव्हतं. पुढे आणल्यापासून. हो, दाराजवळ आणल्यापासूनच. का म्हणजे — सांगितलं ना, पंप ओढतो त्याची खळबळ — आता पंप तर मागच्या बाजूला आहे. हो, खरंय, पंप मागे आहे, मग खळबळ मागे जास्त व्हायला हवी. असं कधी मी — थांबा. काय म्हणालात? शिट्टी? कसली शिट्टी? किटली तर केव्हाच बंद केली. कुठून येते? दारातून?

नाही, मला काही ऐकू येत नाही. कुठे, खाली? या बाजूला? तुम्ही मान तिरकी का केलीत अशी? थांबा, तुमच्या कपातली ती पिशवी द्या जरा. द्या हो, चहा जाऊ दे खड्ड्यात. हा दोरा — याला पुढे कागदाचा तुकडा आहे ना, चांगला हलका आहे — हा दाराच्या फटीजवळ धरते. वर काही नाही. बघा, नुसता लोंबतोय. इथे काही नाही. बिजागरीपाशी काही नाही. खाली —

चिकटला.

सोडलाय मी. बघा, हात काढलाय, आणि दोरा चिकटून बसलाय फटीला. आत ओढला जातोय. दाराचं रबर गेलंय इथे. कितीदा उघडलं ते दार, प्रत्येक पाहुण्यासाठी उघडून दाखवत होते ना, आत डोकं घाला, जवळून बघा! बाहेरची हवा आत घुसतेय, आणि आत इतकी विरळ की एवढ्याशा फटीतून सुद्धा चांगला झोत जाणार, आणि त्या झोतासमोर हातभर अंतरावर मी माझ्या हातानं माझं टर्बाइन आणून बसवलं. म्हणून सिलिंडर पुरत होता. हात आखडता घेतेय म्हणे! अर्धा मंगळ या खोलीतून आत जात होता आणि मी काटकसरीच्या गप्पा मारत होते. म्हणजे पंख्याच्या पहिल्या घराला नाही फिरत ते. पूर्वीसारखंच आहे, रुसलेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, साहेब. मीच तुम्हाला स्टुलावर बसवून दाखवलं.

वादळात फिरेल हो. अजूनही वाटतं मला, वादळात फिरेल. पण वाटतं आणि दिसतं यात फरक आहे, आणि दुपारपर्यंत दाखवणं काही जमायचं नाही. रबर बदला, टर्बाइन मागे न्या, पुन्हा हवा ओढा — हे सगळं उद्यावर गेलं.

पण एक मिनिट. तो इथे उभा होता. नेमका इथे. मान तिरकी करून. त्याचे कान शाबूत आहेत साहेब, घरात कुठल्या खिडकीतून गार झुळूक येते ते हा अंथरुणात पडल्या पडल्या सांगतो. त्याला शिट्टी ऐकू आली होती. हात कडेवर होता म्हणजे त्यानं फटही चाचपली. “छान फिरतंय.” मेल्यानं तोंडात मूग धरून ठेवले! भांडी घासली. सिनेमा बघितला. आणि मला वाटलं मी जिंकले.

काय म्हणालात? जरा — काय? तुम्हाला शिट्टी नक्की ऐकू आली की नाही आठवत नाही? कान दुखतात तुमचे? अहो साहेब! आता तुम्हीही सुरू करू नका! मघाशी स्वच्छ ऐकू आली होती तुम्हाला, मान तिरकी झाली होती. ग्रॅम ग्रॅम तोलणारे तुम्ही, आणि माझा चेहरा बघून तराजूला बोट लावता? माझा चेहरा असा झालाय का, की बघणाऱ्या प्रत्येकाला वाटावं, हिच्याशी आता खरं बोलून उपयोग नाही? नको. फार चांगले आहात तुम्ही, पण नको. एका रात्री बॅटरी संपेल, यान माझ्या टर्बाइनकडे बघेल, आणि ते हलणार नाही. तेव्हा तिथे भांडी घासायला कुणी जाणार आहे का?

थांबा, फोन लावते. बसा की, तुमच्यापासून आता काय लपवायचं राहिलंय! — हं, मी बोलतेय. हो, टाकीपाशीच. हो, आलेत ते, समोर बसलेत. मला एक सांग, परवा तुला दारातली शिट्टी ऐकू आली होती ना? आली होती ना? — हं. — मग बोलला का नाहीस? — काय? — “इतक्या वर्षांनी टाळ्या वाजवल्यास, माझ्यानं बोलवेना.” हे उत्तर झालं? अरे, माझं पातं तडकणार म्हणून भर सभेत सांगणारा माणूस तू, तुला माझी कीव कधीपासून यायला लागली? — नाही, प्रेम नाही म्हणत याला. प्रेम होतं ते तेव्हाचं, सभेतलं. तेव्हा तुला वाटायचं की ही नीट करेल. परवा तुला वाटलं की आता हिच्याकडून व्हायचं नाही, राहू दे, खूश राहू दे हिला. — नाही वाटलं? मग का गप्प बसलास? अरे, मी हरले असते ना, तुझ्या पॅनेलपुढे रीतसर हरले असते, घरी येऊन आदळआपट केली असती, तुझ्याशी आठवडाभर बोलले नसते, चांगलं झालं असतं. आता कुणाशी भांडू मी? — रडत नाहीये. — रडतेय, मग? रबर घेऊन ये दाराचं. मोठ्या मापाचं, तुमच्या भांडारात आहे. आणि आलास की सगळं सांगायचं, जे जे खटकलंय ते सगळं, एकही राखून ठेवायचं नाही. मी ओरडेन. ओरडू दे. — ये.

साहेब, लिहा तुमच्या कागदावर — मंद वाऱ्यात फिरत नाही, मी स्वतः दाखवलं म्हणून लिहा. मोठ्या वाऱ्यात फिरतं की नाही ते सिद्ध झालेलं नाही. दीड किलो पॅनेलना द्या. त्यांची बिजागरी आता अडकत नाही, मी तपासलीय. पंप बंद करते, थांबा. — झाला. बघा, कसं शांत वाटतं! आता तुमची शिट्टी चांगली ऐकू येत असेल ना? मला नाही येत. नाही, नाही, सोबत नको, माणूस येतोय माझा भांडायला. चहा तसाच राहिला तुमचा. जिना उतरून डावीकडे वळा, फाटक दिसेलच. बरं, या तुम्ही.